त्र्याहत्तर चिकटपट्ट्या

जुना इलेक्ट्रिक पियानो बघायला गेलो की मी तो आधी वाजवत नाही. झाकण उघडतो, वाकतो आणि वास घेतो. उंदराचा वास आला तर चहा पिऊन घरी येतो. ओल्या लाकडाचा आला तर मालकाला दोन-चार प्रश्न विचारतो. धूळ, जुनं वंगण आणि तापलेली वायर यांचा मिळून एक सुका वास असतो, तो आला तरच पिशवी खाली ठेवतो. मालकाला वाटतं, म्हातारा सटकला. वाटू दे बापडं.

मी पगारे. नाशकात मेन रोडवर वाद्यांचं एक दुकान होतं, त्याच्या मागच्या खोलीत दुरुस्तीच्या टेबलावर मी तेहतीस वर्षं काढली. शिकलो होतो रेडिओचं काम. पण शेठ म्हणाले, "रेडिओ काय नि पियानो काय, वायर ती वायर." ते साफ चूक होतं, पण त्यांच्या चुकीवर माझं घर चाललं. पुढं शेठ गेले, पोरांनी तिथं मोबाइलचं दुकान टाकलं आणि मी उपनगरात घरी येऊन बसलो. वाटलं, संपलं आता. तर आता पुन्हा फोन सुरू झालेत. सगळी तरुण मंडळी. "काका, व्हिंटेज हवाय. ओरिजिनल हवाय. कोणत्या वर्षातला घेऊ?" ज्याला आम्ही 'जुनं धूड' म्हणायचो, त्याला आता व्हिंटेज म्हणतात. मी आपला गप्प बसतो. मलाही कुणी जुनं धूड म्हटलं तर आवडणार नाही.

ज्यांनी हे यंत्र बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा पियानो म्हणजे बटण दाबलं की शंभर आवाज काढणारा कीबोर्ड नव्हे. ह्याला एकच आवाज आणि तोही हातानं काढायचा. पट्टी दाबली की आत एक छोटी हातोडी उडते आणि पोलादाच्या बारीक काडीवर आपटते. काडी थरथरते. तिच्यासमोर लोहचुंबक असतो, त्याभोवती तांब्याची तार. ती थरथर तारेतून स्पीकरला जाते. वीज गेली तर काय ऐकू येतं? स्टीलच्या ग्लासवर चमचा आपटल्यासारखं टिंगटिंग. वीज आली की तोच आवाज असा काही उमलतो की माणूस बोलायचं थांबतो. त्र्याहत्तर पट्ट्या, त्र्याहत्तर हातोड्या, त्र्याहत्तर काड्या. वजन एवढं की उचलायला चार माणसं लागतात आणि चौघंही शिव्या देतात.

आमच्याकडे हे आले मुंबईहून. तिथल्या स्टुडिओंनी नवीन सिंथेसायझर घेतले आणि हे काढून टाकले. नाशिक, मालेगाव, धुळे इकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी ते उचलले. गणपती, नवरात्र, भीमजयंती, लग्नसराई, ह्यांना दम नसायचा. लग्नातले पियानो तर मी डोळे झाकून ओळखायचो, कारण आत अक्षता. वर्षभराच्या अक्षता पट्ट्यांच्या फटीतून आत जाऊन बसायच्या आणि मग पट्टी खाली जायची ती वर यायचीच नाही. एकदा एका पियानोतून वाटीभर तांदूळ निघाले. अर्धे हळदीचे, अर्धे कुंकवाचे. मालक म्हणाला, "टाकू नका, कुणाकुणाचे संसार आहेत त्यात." मी ते पुडीत बांधून दिले.

आता काळाचं. पोरं हेच विचारतात.

माझ्या हिशेबी ह्या पियानोंचे तीन काळ. पहिला, साठच्या दशकाचा शेवट. हातोडी लाकडाची, तिच्या डोक्यावर फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तुकडा. आवाज गोल, मऊ, थोडा झोपाळू. गाणाऱ्याच्या मागे घरंगळत राहतो, पुढे पुढे करत नाही. पण फेल्ट लवकर झिजतं. दुसरा काळ सत्तरच्या दशकाचा. फेल्ट गेलं, रबर आलं. हा पियानो दुटप्पी. हळू वाजवा, लाडात येतो. जोरात हाणा, गुरगुरतो. ऑर्केस्ट्राला उत्तम. तिसरा काळ शेवटचा, ऐंशीच्या आसपासचा. हातोडी सगळी प्लास्टिकची, टोक टणक. आवाज स्वच्छ, लखलखीत, सगळ्या पट्ट्या सारख्या. बिघडत कमी. पण ह्याच्यात गोलाई नाही, काचेसारखा लागतो कानाला. काही जणांना तोच आवडतो. मी कुणाच्या आवडीला नावं ठेवत नाही. मनात ठेवतो.

तेव्हा घ्यायचा कोणता? तू वाजवणार काय, ते सांग, म्हणजे मी काळ सांगतो. आणि झाकण बघून घेऊ नकोस. झाकणं बदलतात, पायसुद्धा बदलतात. गंगापूर रोडच्या एका मुलानं पहिल्या काळातला म्हणून मोठ्या हौसेनं एक आणला. झाकण पहिल्या काळातलं, पोट तिसऱ्या. काड्या ज्या चौकटीवर बसवलेल्या असतात तिच्यावर आकड्यांचा शिक्का असतो, वर्ष आणि आठवडा. तो दाखवल्यावर पोराचं तोंड एवढंसं झालं. "काका, मला तर ऐकायला मस्त वाटत होता हो." मी म्हणालो, "मग वाजव की. शिक्का काय गातोय?" हे मी मोठ्या शहाणपणानं बोललो होतो. पुढे ते मलाच लागू पडायचं होतं.

कारण मला शिक्का बघायचीही गरज नसे. दुकानात तो एक खेळच झाला होता. शेठ मला भिंतीकडे तोंड करून बसवायचे आणि गिऱ्हाइकासमोर दोन-तीन पियानोंवर एक-एक सूर वाजवायला लावायचे. मी पाठमोरा सांगायचो, "पहिला काळ. तिसरा. हा दुसरा, पण फेल्ट घालून कुणीतरी चावटपणा केलाय." कधी चुकलो नाही. निदान कुणी मला चुकलास असं सांगितलं नाही.

आणि एक किस्सा होता, तो मी वर्षानुवर्षं सांगत आलो. लग्नात, निवृत्तीच्या समारंभात, कुठेही. एक ऑर्केस्ट्रावाला एकदा पियानो घेऊन आला. झाकण उघडतो तो काय! त्र्याहत्तरच्या त्र्याहत्तर हातोड्यांच्या डोक्याला चिकटपट्टी. दवाखान्यात जखमेवर कापूस ठेवून वरून मारतात ना, ती कापडी चिकटपट्टी. मळून काळी झालेली. मी त्याला विचारलं, "काय हो, ॲक्सिडेंट झाला होता का ह्याचा?" इथं लोक हमखास हसायचे. मग मी सांगायचो की सगळ्या चिकटपट्ट्या खरवडून काढल्या, स्पिरिटनं पुसलं, पियानो नव्यासारखा करून दिला. किस्सा संपला. लोक म्हणायचे, पगारे, तुम्ही लिहा हो हे. तर घ्या, लिहितोय.

गेल्या हिवाळ्यात सटाण्याहून एक फोन आला. मनीषा सोनवणे, तिथल्या शाळेत शिक्षिका. नंबर गंगापूर रोडच्या त्या मुलानंच दिला होता. तिचे वडील सोनवणे मास्तर म्हणजे एके काळी बागलाणातला नावाजलेला ऑर्केस्ट्रा चालवणारे. मी नाव ऐकून होतो, आठवत मात्र नव्हते. पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं.

"काका, अप्पा दिवसभर खिडकीकडे बघत बसतात," ती म्हणाली. "व्यायाम शिकवायला येतात ते सर सांगतात, डावा हात चालू ठेवा, आवडीच्या कामात मन गुंतवा, नाहीतर आहे तेही जाईल. घरात पियानो आहे. पण अप्पा त्याला शिवत नाहीत. आणि जेवण रोज कमी होत चाललंय."

"मग मी काय करू, ताई?"

"त्यांची एक कॅसेट आहे, त्यांनीच वाजवलेली. ती लावली की डाव्या हाताची बोटं हलतात. घरचा पियानो मी वाजवला की तोंड फिरवतात. मला वाटतं, आवाज वेगळाय. तुम्ही एकदा बघून जाल का?"

गेलो. देवळ्यावरून सटाण्याला जाणारी एसटी कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या मागे सरपटत होती. घर साधं, दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि पुढे ओटा. मास्तर खुर्चीत. उंच माणूस, चेहऱ्याची उजवी बाजू थोडी ओघळलेली. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि मान खिडकीकडे वळवली.

मनीषानं कॅसेट लावली. फुसफुशीत रेकॉर्डिंग, मागे कुणीतरी खोकतंय. पण पियानो! काय सांगू. गोल, मऊ, लोण्यात बोट घातल्यासारखा. मास्तरांची डावी बोटं खुर्चीच्या हातावर चालायला लागली. मी डोळे मिटले आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं, "पहिला काळ. फेल्टच्या हातोड्या."

मग खुर्चीला लागूनच असलेल्या घरच्या पियानोकडे वळलो. पिशवीतून ब्रश आणि स्पिरिटची बाटली काढली, तसे मास्तर घशातून काहीतरी ओरडले आणि डावा हात लांब करून त्यांनी झाकणावर थाडकन आपटला. मनीषा धावली. "नवीन माणूस दिसलं की होतं असं," ती म्हणाली. मी बाटली आत ठेवली. मागच्या फटीतून बॅटरी मारून चौकटीवरचा शिक्का तेवढा वाचला. तिसरा काळ, अगदी शेवटचा. एक-दोन पट्ट्या दाबून बघितल्या. खळ्ळकन काच फुटल्यासारखा आवाज.

"ताई, कॅसेटमधला पियानो हा नव्हे," मी म्हणालो.

"पण आमच्या घरात दुसरा पियानो मी कधी बघितला नाही, काका."

"तुम्ही लहान असाल. त्यांनी आधीचा विकून हा घेतला असणार. ह्याचे कान मी धरलेत तेहतीस वर्षं. पैज लावा."

आई असती तर तिला विचारलं असतं, असं ती हळूच म्हणाली. आई ती तिसरीत असतानाच गेली होती. मास्तरांना विचारलं तर त्यांनी नुसती मान हलवली; हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही आणि मी थांबून पुन्हा विचारलंही नाही. मला उत्तर माहीत होतं ना!

पहिल्या काळातला पियानो मिळवणं म्हणजे खायचं काम नाही. पण नाशकातल्या एका हौशी गृहस्थांकडे एक होता, मीच सांभाळलेला. त्यांना सगळं सांगितलं. भला माणूस, म्हणाला, "न्या महिनाभर." मी त्याचे सूर लावले, फेल्ट साफ केलं, टेम्पोत गाद्या घातल्या आणि चार माणसं घेऊन सटाण्याला पोहोचवला. सगळ्या गल्लीनं बघितलं. मनीषानं शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. तिच्या चेहऱ्यावर एवढी आशा होती की मला बघवेना आणि त्याच वेळी मी मनातून फुललो होतो, हेही खरं.

मास्तरांना खुर्चीसकट पियानोसमोर नेलं. त्यांनी डावा हात उचलला. कॅसेटमधल्याच धूनची सुरुवात, खालचे तीन सूर एकत्र दाबले. थांबले. पुन्हा दाबले. मग हात मांडीवर ठेवला.

"नाय," ते म्हणाले.

मी काड्या जरा मागे घेतल्या, स्पीकरचा खर्ज वाढवला. "आता बघा, मास्तर."

"नाय."

तासभर मी खटपट केली. आवाज माझ्या कानाला कॅसेटसारखाच होता. जवळजवळ. ते 'जवळजवळ' मी ऐकलं नाही असं नाही. ऐकून सोडून दिलं. आणि मग जे बोललो त्याची आज लाज वाटते. मनीषाला बाजूला घेऊन म्हणालो, "झटक्यानंतर कान बदलतात, ताई. आवाज तोच आहे. त्यांनाच ओळखू येत नाहीये." कान बदलतात की नाही, मला काय ठाऊक? मी काय डॉक्टर? पण स्वतःचा कान वाचवायला मी त्या माणसाचा कान खोटा ठरवला.

ती स्वयंपाकघरात गेली. ओट्याशी पाठमोरी उभी राहून रडली. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "जाऊ द्या, काका. तुम्ही खूप केलंत. मला वाटलं होतं, एवढी एक गोष्ट तरी जमेल." रडली तेव्हा नाही, पण हे वाक्य ऐकताना मला मेल्यासारखं झालं.

टेम्पोवाल्याला परत यायला अवकाश होता. दुपारचं जेवण झालं, मास्तर आतल्या खोलीत झोपले. बसून करायचं काय? घरच्या पियानोची एखादी पट्टी तरी नीट करून जाऊ म्हणून मी त्याचं झाकण पहिल्यांदाच पूर्ण उचललं. धूळ, वंगण, वायर. वास चांगला होता. हातोड्या प्लास्टिकच्या, ओळीनं चकचकीत. कुणीतरी कधीकाळी फार मन लावून साफ केलेल्या. डावीकडे अगदी टोकाला, चौकटीच्या स्क्रूमागे, जिथं ब्रश पोहोचत नाही, तिथल्या शेवटच्या हातोडीच्या मानेला नखाएवढं काहीतरी चिकटलं होतं. बॅटरी मारली. कापड होतं. काळं पडलेलं, कापडी चिकटपट्टीचं टोक.

मी स्टुलावर बसलो.

किस्सा मी इतक्या वेळा सांगितला होता की खरं काय घडलं ते त्याच्याखाली बुजून गेलं होतं. ते आता एकेक करून वर आलं. तो माणूस उंच होता. पियानो साफ करा असं तो म्हणालाच नव्हता. म्हणाला होता, "एक वायर सैल झालीय, तेवढी बघा. उद्या कळवणला कार्यक्रम आहे." वायर दहा मिनिटांत झाली. बाकीचं मी माझ्या हौसेनं केलं, न विचारता. संध्याकाळी तो आला तेव्हा ॲक्सिडेंटचा विनोद केला, दुकान हसलं. त्यानं एक पट्टी दाबून बघितली. मग विचारलं, "हातोड्यांवरच्या त्या चिकटपट्ट्या कुठं आहेत?" मी म्हणालो, "कचऱ्यात." त्यानं मजुरी दिली, पियानो उचलायला लावला आणि गेला. 'कुठं आहेत' हा प्रश्न मी किस्स्यात कधीच घेतला नाही. त्याच्यावर कुणी हसलं नसतं.

मनीषा भांडी आवरत होती. मी विचारलं, "ताई, तुमच्या घरात चिकटपट्टी कोण वापरायचं? दवाखान्यातली, कापडी."

"आई. सरकारी दवाखान्यात नर्स होती ना ती. घरी बसूनसुद्धा कापायची. बारीक बारीक तुकडे. मी ते ताटाच्या काठाला ओळीनं चिकटवून ठेवायचे. मला वाटायचं, पेशंटसाठी आहेत." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "का हो?"

मी तिला पियानोपाशी नेलं आणि ते टोक दाखवलं. तिनं वाकून बघितलं, बोट लावलं नाही. मग मी सगळं सांगितलं. कान आणि काळ, दोन्हीत मी चुकलो होतो. दुसरा पियानो कधी नव्हताच. मास्तरांना मिळाला होता तो शेवटच्या काळातला, काचेच्या आवाजाचा. नवरा-बायकोनं घरात बसून त्याचा आवाज स्वतः घडवला होता. तो वाजवून सांगणार, ती कापून लावणार. "आणि त्या मी काढल्या," मी म्हणालो. "आई गेल्यावरच असेल ते, नाहीतर तिनं पुन्हा लावल्या असत्या."

"असेल," ती म्हणाली. "कळवणचा कार्यक्रम आई गेल्यानंतरचाच. त्यानंतर अप्पांनी ऑर्केस्ट्रा बंद केला."

आता ऑर्केस्ट्रा माझ्यामुळे बंद पडला, असं मी म्हणणार नाही. तेव्हा सगळ्यांचेच पडत होते. घरातली बाई गेलेली, पदरात लहान पोर. कारणं बरीच. पण त्या कारणांत एक माझं आहे, ते मी बाहेर काढू शकत नाही. मला भयंकर वाईट वाटलं, आणि ते तिला सांगितलं. वाटलं, आता ती म्हणेल, निघा. अन् म्हटलं असतं तर निघालो असतो.

"मग लावा की परत," ती म्हणाली.

टेम्पो तो उसना पियानो घेऊन नाशकाला गेला, मी राहिलो. मेडिकलमध्ये कागदी पट्टी होती, प्लास्टिकची होती. कापडी जुन्या पद्धतीची तिसऱ्या दुकानात मिळाली. मास्तर उठले. त्यांना खुर्चीत बसवून मी तो पांढरा रोल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी रोलकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग रोलकडे. ह्या खेपेला झाकणावर हात आपटला नाही.

मी मधल्या एका हातोडीला एक तुकडा लावला आणि पट्टी दाबली. मास्तरांनी डाव्या हाताचं एक बोट वर केलं. म्हणजे एक थर, बरोबर. खालचा सूर घेतला. त्यांनी दोन बोटं दाखवली. दोन थर लावले. मान हलली. वरच्या सुरांना त्यांनी एक बोट अर्धं मुडपून दाखवलं. अर्धा थर कसा लावायचा ते मला कळेना. मनीषा म्हणाली, "पातळ कापायचं, काका. मधोमध नाही, कडेला लावायचं. आई तशीच कापायची." ती कात्री घेऊन खाली बसली होती आणि तुकडे स्टीलच्या ताटाच्या काठाला ओळीनं चिकटवत होती. मास्तरांचं लक्ष माझ्यापेक्षा त्या ताटाकडे जास्त होतं.

त्र्याहत्तर हातोड्या. संध्याकाळपर्यंत निम्म्या झाल्या, मी तिथल्याच ओळखीच्या एका मिस्त्रींकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा बसलो. माझ्या कानाची कुणाला गरज नव्हती. ते बोट दाखवायचे, ती कापायची, मी चिकटवायचो. तेहतीस वर्षांत एवढं निमूट काम मी केलं नाही. मधे एकदा न राहवून म्हणालो, "मास्तर, इथं एकच थर पुरेल." त्यांनी दोन बोटं दाखवली. लावून ऐकलं. दोनच हवे होते.

दुपारी शेवटची हातोडी झाली. डाव्या टोकाची ती, स्क्रूमागची. तिच्यावरचं जुनं टोक मी तसंच ठेवलं आणि शेजारी नवीन लावलं.

मास्तरांनी हात ठेवला. खालचे तीन सूर. खोलीत तो आवाज भरला आणि मी आजन्म कान लावून बसलो असतो तरी ओळखला नसता असा आवाज होता तो. पहिल्या काळाचा नव्हे, तिसऱ्याचाही नव्हे. त्याचा शिक्का कुठल्याच चौकटीवर नाही. ते थांबले नाहीत. धूनची फक्त खालची बाजू वाजत होती, वरची उजव्या हाताची, ती नव्हती. अर्धीच धून. मनीषा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, हातात कात्री तशीच. अर्धा तास तरी वाजवलं असेल त्यांनी. मग हात काढून म्हणाले, "भूक." आणि एक पूर्ण भाकरी खाल्ली. तिनं दुसरी वाढली, तीही अर्धी खाल्ली.

जेवणं झाल्यावर मी आवरायला घेतलं. पट्ट्यांवर चिकटपट्टीचे कपटे, दोरे पडले होते. सवयीनं हात पिशवीत गेला आणि ब्रश बाहेर आला. तोच माझ्या मनगटावर मास्तरांचा डावा हात पडला. पकड चांगली घट्ट होती. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, पहिल्या दिवशी बघितलं होतं तसंच. नवीन माणूस म्हणून त्यांनी झाकणावर हात आपटला नव्हता. मी त्यांना ओळखलं नव्हतं. त्यांनी मला दारातच ओळखलं होतं.

"आते..." ते म्हणाले. बागलाणी बोलीतलं 'आता'. पुढचे शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. "आते साफ करू नको."

"नाही करणार, मास्तर," मी म्हणालो.